सहा रुपयांचं गाणं
"सहा रुपयांना गाणं विकूनही फ्लाइट बुडालं, म्हणजे आपले लोक फुकटेच" हे मत मला अर्धंच पटतं. फ्लिपकार्टने फ्लाइट हे गाणी विकणारं ऑनलाइन दुकान २०१२ च्या फेब्रुवारीत सुरू केलं आणि २०१३ च्या जूनमध्ये गुंडाळलं. माल मात्र चोख होता: ३२० केबीपीएसची, म्हणजे उत्तम आवाजाची एमपीथ्री, कॉपी अडवणारं कुलूपबिलूप काही नाही, पेन ड्राइव्हवर टाका नि गाडीत लावा. घोडं अडायचं पैसे देताना. सहा रुपड्यांसाठी कार्डाचे सोळा आकडे, मागचे तीन, वर बँकेचा पासवर्ड; तोवर गाण्याची हौसच फिटायची. यूपीआय आलं २०१६ मध्ये! अख्खा अल्बम घेतला तरच हा खटाटोप परवडायचा. तेव्हा घेतलेली माझी गाणी मात्र अजून वाजतायत, नेट नसलं तरी.