मदत हवी आहे: आधी छाती फुगते की आधी हवा आत जाते?

नमस्कार मंडळी,

भाचीला शाळेसाठी श्वसनसंस्थेची प्रतिकृती करायची होती. "मामा, तुला असलं जमतं" एवढ्या एका वाक्यावर ते काम माझ्या गळ्यात पडलं. बूड कापलेली प्लॅस्टिकची बाटली, बुचातून आत सोडलेली दुफाटा नळी, तिच्या टोकांना दोन फुगे आणि बाटलीच्या बुडाला ताणून बसवलेलं रबर. बूच दोनदा गळलं, मग मेण लावलं. आता रबर खाली ओढलं की फुगे फुगतात, सोडलं की बसतात.

इथवर ठीक होतं. मग बाईसाहेबांनी विचारलं, "फुफ्फुसं स्वतःहून फुगत नाहीत, मग कोणाच्या जोरावर फुगतात?" मी म्हटलं, हवा आत शिरते म्हणून. त्यावर ती म्हणाली, "पण फुग्यात तर तू फुंकलंच नाहीस!" मी गप्प.

तर जाणकारांनी सांगावं: आधी काय होतं, छाती फुगणं की हवा शिरणं? दुसरं, बाटली आणि फुगे यांच्यामधली मोकळी जागा आपल्या छातीत कुठे असते? आणि हे माझं स्वतःचं कुतूहल: आत घेतलेल्या हवेत प्राणवायू २१ टक्के, सोडलेल्या हवेत सुमारे १६. म्हणजे बराचसा शिल्लकच असतो. तरी श्वास रोखला की लगेच जीव कासावीस का होतो?

नाक, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका ही साखळी पाठ आहे, ती कृपया परत नको.

प्रतिसाद १

भाची बरोबर, तुम्ही चूक. आधी छातीची पोकळी मोठी होते, हवा मागून येते. श्वासपटल हा घुमटासारखा वर आलेला स्नायू. तो आकसला की सपाट होत खाली सरकतो, साध्या श्वासात जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. बरगड्यांमधले स्नायू बरगड्यांना वर आणि बाहेर उचलतात. जागा वाढली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित उतरतो. किती किंचित? नळीने पाणी एक सेंटिमीटर वर ओढायला जेवढी ओढ लागते, तेवढाच. एवढ्यावर अर्धा लिटर हवा आत येते! सोडताना तर कष्टही नाहीत. स्नायू सैल पडले की ताणलेली फुफ्फुसं आपोआप आखडतात.

तुमच्या प्रतिकृतीतली एक चूक मात्र तक्त्यावर लिहा. रबर मुळात सपाट असतं आणि ओढल्यावर खाली झोळ येतो. शरीरात मुळात घुमट असतो आणि तो सपाट होतो.

मोकळी जागा म्हणाल तर छातीत ती नसतेच. फुफ्फुसाभोवती दुपदरी आवरण असतं आणि दोन पदरांमध्ये द्रवाचा पातळसा थर. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून बघा, सरकतात पण सुटत नाहीत. तसंच. म्हणून छातीची भिंत जाईल तिकडे फुफ्फुस जातं. या पदरांमध्ये हवा शिरली तर फुफ्फुस आक्रसून बसतं, त्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. भाचीला दाखवायचं असेल तर बाटलीच्या भिंतीला बोटभर भोक पाडा आणि मग रबर ओढा.

प्रतिसाद २

श्वास रोखण्याबद्दल. गुदमरायला होतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. तो वाढला की मेंदूभोवतीच्या द्रवाची आम्लता वाढते, आणि मेंदूच्या तळाशी लंबमज्जेतलं श्वसनकेंद्र 'श्वास घे' म्हणून हाकाटी सुरू करतं. प्राणवायू तोवर पुरेसा असतो. म्हणूनच पाण्यात बुडी मारण्याआधी भराभरा श्वास घेणं धोक्याचं. कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, घुसमट जाणवतच नाही, आणि प्राणवायू संपून माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतो. भाचीला हे आवर्जून सांगा.

आता ते १६ टक्के. अर्धा लिटर हवा घेतली तरी त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नळ्यांमध्येच अडकते, वायुकोशांपर्यंत पोचत नाही. ती तशीच ताजी परत येते आणि वायुकोशांतून आलेल्या सुमारे १४ टक्क्यांच्या हवेत मिसळते. शिवाय साधा श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत सव्वादोन-अडीच लिटर हवा उरतेच. म्हणजे दर श्वासाला आतली साधारण सातव्या हिश्शाएवढीच हवा बदलते. वाया गेल्यासारखं वाटतं खरं, पण या साठ्यामुळेच दोन श्वासांच्या मधल्या वेळात रक्तातला प्राणवायू खालीवर होत नाही. मला तर ही सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. भोक पाडलं, रबर ओढलं, फुगे ढिम्म! ती खूश, बाटली मात्र गेली. नवीन करताना ती म्हणते दोन्ही फुगे सारखे नकोत: डावीकडे हृदयाला जागा द्यायची म्हणून ते फुफ्फुस लहान, दोनच खंडांचं, उजवं तीन खंडांचं. मग दुफाटा नळीच्या फांद्याही वेगळ्या करायच्या का?

प्रतिसाद १

करा की. उजवी फांदी जास्त रुंद, आखूड आणि उभी ठेवा. श्वासनलिकेत चुकून गेलेला दाणा बहुतेक वेळा उजवीकडेच जाऊन अडकतो, तो यामुळेच. मणी टाकून दाखवता येईल. आणि या वेळी मेण आधीच लावा.