हेरोडोटसने बॅबिलोनला ‘असीरिया’त घातलं, ही चूक नाही तर काय?

धागाकर्ता
प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, असीरियात (आजच्या उत्तर इराकमधलं जुनं राज्य) मोठी शहरं पुष्कळ, पण तिथली राजधानी निनवे पडल्यावर राजधानी बॅबिलोनला गेली. इथे मी दर वेळी अडखळतो. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पाडणाऱ्यांत बॅबिलोनची फौज होती! ज्यांनी असीरियाचं राज्य बुडवलं, त्यांनाच त्याचं नाव चिकटवायचं? खुद्द इराणी सम्राट डरायसच्या बेहिस्तून शिलालेखात ‘बाबिरुश’ (बॅबिलोन) आणि ‘अथुरा’ (असीरिया) हे दोन वेगळे मुलुख आहेत. माझ्या मते ग्रीकांनी चौकशीच केली नाही.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. राज्य बुडालं म्हणून नाव लगेच बुडत नाही. हेरोडोटसच्याच करांच्या यादीत ‘बॅबिलोन आणि उरलेला असीरिया’ असा एक सुभा आहे, कर १००० टॅलेंट (वजनाचं जुनं माप) चांदी. म्हणजे शहर वेगळं आहे हे त्याला कळत होतं, प्रदेशाला मात्र जुनंच नाव चालू होतं. ‘असीरिया’चं ‘सिरिया’ झालं, हेही ग्रीकांचं अज्ञान म्हणतात. पण १९९७ मध्ये तुर्कस्तानात चिनेकॉयला सापडलेला इ.स.पू. ८व्या शतकातला द्वैभाषिक लेख बघा. फिनिशियन मजकुरात ‘अश्शुर’, लुवियन (तिथली जुनी भाषा) मजकुरात त्याच जागी ‘सुरा’. सुरुवातीचा ‘अ’ तिथल्याच लोकांच्या तोंडून गळाला होता.

आणि इराण्यांनी तरी काय केलं? आयोनियन (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे) ग्रीक आधी भेटले म्हणून सगळे ग्रीक ‘यौना’. आपला ‘यवन’ त्याच घरातला.

प्रतिसाद २
मी धागाकर्त्याच्या बाजूने. इ.स.पू. ४०१ मध्ये ग्रीक सैनिक आणि लेखक झेनोफोन सैन्यासह निनवेच्या अवशेषांजवळून गेला. तटाचा पाया घडीव दगडाचा, दगडात शिंपले, रुंदी ५० फूट, हे सगळं त्याने टिपलं. शहराचं नाव मात्र लिहिलं ‘मेस्पिला’, आणि ते पूर्वी मीड (प्राचीन इराणमधले) लोकांचं होतं म्हणे! निनवे पडून जेमतेम दोन शतकं झाली होती.

प्रतिसाद १
तो पाठलाग चुकवत माघारी निघालेला सैनिक होता, वाटेत कानावर आलं ते त्याने लिहिलं. मग विसरलं कोण, ग्रीक की त्या परिसरातले लोक?

धागाकर्ता
झेनोफोनपुरतं मान्य. पण ‘खाल्डियन’चं काय? बॅबिलोनियाच्या दक्षिणेतल्या टोळ्यांचं नाव, हेरोडोटसकडे ते बॅबिलोनच्या बेल देवाचे पुजारी झाले, आणि रोममध्ये नुसते ज्योतिषी. इ.स.पू. १३९ मध्ये त्यांना शहराबाहेर काढलं. हे नाव ज्योतिषाच्या कलेवरून नव्हे, लोकांवरून पडलंय, हे रोमन लेखक सिसेरोला मुद्दाम लिहावं लागलं. एका समाजाचं नाव असं धंद्याचं होऊन जातं, त्याला मी चूकच म्हणणार.