मदत हवी आहे: सिंगल फेजवर व्हीएफडी, २ एचपी डाळ मिल, तूर सोडली की मोटर बसते

तूरवाला:
राम राम मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात. थ्री फेज शेतावर, तीही ठरल्या तासांपुरती; गावठाणातल्या शेडमध्ये फक्त सिंगल फेज. मिनी डाळ मिलच्या मोटरची प्लेट अशी: २ एचपी, ४१५ व्होल्ट, स्टार (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधलेलं), ३.४ अँपिअर, १४३० आरपीएम. त्यासाठी ३ एचपीची व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणली, आत सिंगल फेज, बाहेर थ्री फेज २३० व्होल्ट. लाइन एल आणि एनला, मोटर यू-व्ही-डब्ल्यूला, मधात जुना स्टार्टर तसाच.

रिकामी मिल मस्त फिरते. हॉपरची पाटी उघडली की रोलर मंदावतो, पट्टा चिरकतो, स्क्रीनवर ओव्हरलोड. संध्याकाळी लाइन डिम होते (१८५ व्होल्ट), तेव्हा तर रिकामीही रडतखडत. शिवाय व्हीएफडी चालू करताच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थला गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) कधीकधी पडतो. मीटरपासून शेड ४० मीटर, वायर २.५ चौरस मिमी ॲल्युमिनियम.

पॅनलवाला:
भाऊ, दुखणं प्लेटवरच लिहिलं आहे. स्टारमध्ये ४१५ व्होल्ट दिले की प्रत्येक वाइंडिंगला २४० मिळतात. तुमची व्हीएफडी २३० च्या वर देऊच शकत नाही, म्हणजे वाइंडिंगला जेमतेम १३३. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणून ताकद तिसऱ्या हिश्श्यावर आली. रिकाम्या मिलला तेवढी पुरते, तुरीला नाही.

मोटर डेल्टात घ्या, म्हणजे तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात एकमेकांना जोडा. मेन बंद करा, व्हीएफडीचा दिवा विझला तरी दहा मिनिटं थांबा. आतल्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतं. मग मोटरची डबी उघडा. वरच्या ओळीत डब्ल्यू२, यू२, व्ही२ आणि खाली यू१, व्ही१, डब्ल्यू१ असतील. वरच्या तिघांना आडवी जोडणारी पितळी पट्टी म्हणजे स्टार. ती काढून तीन पट्ट्या उभ्या लावा: यू१-डब्ल्यू२, व्ही१-यू२, डब्ल्यू१-व्ही२. नट नीट आवळा, सैल पट्टी काळी पडते.

आता प्लेटचा ३.४ विसरा. डेल्टात करंट १.७३ पट, म्हणजे ५.९ अँपिअर. व्हीएफडीत मोटरचा करंट ५.९, व्होल्टेज २४०, फ्रिक्वेन्सी ५० भरा. ॲक्सेलरेशन १० सेकंद, डिसेलरेशन १५. ड्रम जड आहे, झटकन थांबवला तर ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होईल. ३ एचपीची व्हीएफडी घेतली हे बरं केलं, जागा शिल्लक आहे.

आणि तो स्टार्टर मधातून काढा. चालू व्हीएफडीच्या आउटपुटवर कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला स्विच) उघडझाप झाला की आतले आयजीबीटी (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जातात. चालू-बंदसाठी कंट्रोल टर्मिनलवर साधा स्विच लावा. एमसीबी खालीवर करून मिल चालवू नका, आतल्या कॅपॅसिटरला हळू भरणारा प्रीचार्ज रेझिस्टर जळतो.

रिवायंडर:
डबीत सहाऐवजी तीनच टोकं निघाली तर स्टारची गाठ वाइंडिंगच्या आत पुरलेली असते. ती सोडवून सहा टोकं बाहेर काढता येतात, पण ते काम दुकानातच करा. जुनी मोटर असेल तर आधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) वाइंडिंग बॉडीशी तपासा, १ मेगओहमच्या खाली असेल तर जोडू नका. मेगर लावताना व्हीएफडीच्या तिन्ही वायरी सोडवलेल्या पाहिजेत, नाहीतर मोटर तपासता तपासता व्हीएफडी जाईल.

स्टार्टरच्या डब्यात फेज बनवायचा कॅपॅसिटर राहिला आहे का तेही पाहा. आपल्याकडे जुन्या मोटरीला तो सर्रास असतो आणि तो व्हीएफडीचा काळ.

काळीमाती:
डिम लाइनबद्दल. २४० व्होल्टला ५० हर्ट्झ, म्हणजे हर्ट्झमागे ४.८ व्होल्ट. लाइन १८५ असेल तर हे गणित ३८ हर्ट्झवर संपतं. लोडवर डीसी बस (व्हीएफडीच्या आतल्या कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज) आणखी बसते, म्हणून ३६-३७ वर चालवा: वेग घटेल पण ताकद टिकेल. ५० वर हट्ट धराल तर मोटर तापेल. पुली बदलून वेग परत आणू नका, तेवढीच ताकद जाते; पाटी कमी उघडा.

वायर मात्र बदलाच. पूर्ण लोडवर ही व्हीएफडी लाइनकडून १३-१४ अँपिअर ओढेल, तेही टोकदार झटक्यांत. तुमच्या ॲल्युमिनियमच्या ८० मीटर जाण्यायेण्यात १३ व्होल्ट गळतात. ४ चौरस मिमी तांब्यात ५. सोबत २० अँपिअर, सी कर्व्ह, दोन पोलचा एमसीबी. शेडचा मंजूर भार आणि कनेक्शनचा प्रकारही पाहून घ्या.

आरसीसीबी पडतो तो बहुधा व्हीएफडीच्या ईएमआय फिल्टरमुळे (लाइनवर जाणारा विद्युत गोंगाट अडवणारा भाग), चालू होताना तो थोडा करंट अर्थला सोडतो. आधी मोटरची केबल काढून पाहा. तरीही पडला तर फिल्टर. नाही पडला तर केबल किंवा मोटरची गळती, ती शोधा. फिल्टरच निघाला तर व्हीएफडीला वेगळी लाइन आणि १०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्या, घराच्या लाइनवर ३० चा राहू द्या. आरसीसीबी बायपास करायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका. मोटरच्या बॉडीवरून वेगळी हिरवी वायर व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलवर, तिथून खड्ड्यात. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडभोवती पोकळी पडते, एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालत जा.

शेतकरी४४:
मधात घुसतो जी. याच पद्धतीने ५ एचपीची बोअरची मोटर चालेल काय?

पॅनलवाला:
नाही. ५ एचपीची ४१५ ची मोटर बहुधा आधीच डेल्टात असते, आणखी खाली नेता येत नाही. २३० घेऊन ४१५ देणाऱ्या बूस्ट व्हीएफडी मिळतात, पण एका वायरीतून ३० अँपिअरच्या आसपास ओढतील. गावठाणाच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) शेजाऱ्यांचे दिवे मिचमिचतील, मोटर तरी कुठे नीट चालणार.

तूरवाला:
डेल्टा केलं, स्टार्टर काढला. डब्यात कॅपॅसिटर होताच. सकाळी २२५ व्होल्टला पूर्ण पाटी उघडून मिल चालते. क्लॅम्प मीटर आउटपुटला ७.८ दाखवतो, स्क्रीन ५.६. खरं कोणतं?

पॅनलवाला:
स्क्रीन. साधा क्लॅम्प व्हीएफडीच्या चिरलेल्या लाटेवर चुकतो, ट्रू आरएमएसचा असेल तरच थोडा भरवसा. ५.९ च्या आत आहात, चालू द्या. फक्त डाळीचा भुसा हीट सिंकमध्ये बसू देऊ नका, दर आठवड्याला मेन बंद करून ब्लोअर मारा. बहुतेक व्हीएफडींचं पूर्ण रेटिंग ४० अंशांपर्यंतचं असतं, मेमध्ये तुमची पत्र्याची शेड त्याच्या वरच असेल.