मदत हवी आहे : १९३३ चा जपानी बहिष्कार आणि वऱ्हाडातले कापसाचे भाव

मंडळी, जरा मदत हवीये. वऱ्हाडच्या कापूस बाजारावर लेख लिहायला घेतलाय आणि १९३३ सालाशी येऊन अडकलेय. गिरणीमालकांची बाजू ढिगाने सापडते, शेतकऱ्याला तेव्हा काय भाव मिळाला ते मात्र कुठेच मिळेना.

थोडक्यात सांगते. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णमान (चलनाची किंमत सोन्याला बांधून ठेवायची पद्धत) सोडलं, येन घसरला आणि जपानी कापड इथे इतकं स्वस्त पडायला लागलं की मुंबईच्या गिरणीवाल्यांनी सरकारमागे लकडाच लावला, मग ब्रिटिश सोडून बाकी सुती कापडावरची जकात ऑगस्ट १९३२ मध्ये ५० टक्के आणि जून १९३३ मध्ये थेट ७५ टक्के झाली, लँकेशायरच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या भागातल्या, मालाला मात्र २५च. यावर जपानी सूतगिरण्यांनी आपला कच्चा कापूस घेणंच बंद केलं! म्हणजे संरक्षण मिळालं गिरणीला आणि गिऱ्हाईक तुटलं शेतकऱ्याचं. आपला आखूड धाग्याचा कापूस, बाजारात ज्याला उमरा म्हणायचे, त्याचा मोठा खरेदीदार जपानच, लँकेशायरला तो फारसा चालायचा नाही. आणि बहिष्कार नेमका वेचणीच्या हंगामातही चालूच.

सप्टेंबरपासून सिमल्यात बोलणी सुरू झाली, आपल्या बाजूने सर जोसेफ भोर (जन्म नाशिकचा, पुढे आरोग्याच्या भोर समितीचे तेच). मधेच ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांचे होमी मोदी आणि लँकेशायरचे क्लेअर-लीज यांनी आपापसात वेगळाच करार करून टाकला, त्यावर देशात बरीच टीका झाली.

शेवटी जानेवारी १९३४ मध्ये जपानशी तोडगा निघाला : जपानने वर्षाला १० लाख गाठी घेतल्या तर त्यांचं साडेबत्तीस कोटी वार कापड इथे येणार, १५ लाख घेतल्या तर ४० कोटी वार, त्याच्या वर नाही, आणि जकात परत ५० टक्के. म्हणजे कापडाचा वारन् वार कापसाच्या गाठीला बांधलेला. माझं तर स्पष्ट मत आहे की या वाटाघाटीत सगळ्यात वजनदार माल कापूसच होता, आणि तरी तो पिकवणाऱ्याबद्दल आपल्याकडे इतकं कमी लिहिलं गेलंय याचा खरंच त्रास होतो.

तर आता विचारायचंय ते असं. जून ३३ ते जानेवारी ३४ या काळातले अमरावती, अकोला, खामगाव, जळगावचे भाव कुठे बघायला मिळतील? मुंबईचा खंडीचा भाव नको, गाडी बाजारात आणणाऱ्याला काय मिळाला तो हवाय. कुणाच्या घरी जिनिंग-प्रेसिंगच्या किंवा अडतीच्या जुन्या वह्या आहेत का? आणि तेव्हाची मराठी वर्तमानपत्रं, विशेषतः विदर्भातली, कुठल्या ग्रंथालयात प्रत्यक्ष चाळू देतात? मोडीतली पानं असली तरी चालेल, वाचून देणारे ओळखीत आहेत, मोबाईलवर फोटो काढून टाकलेत तरी पुरे.