घरची आठवण: नोव्हेंबरची तयारी सप्टेंबरात

प्रेषक: वि. कु., कोथरूड

नमस्कार मंडळी,

मुलगी मास्टर्ससाठी सप्टेंबरअखेर जर्मनीत श्टुटगार्टला निघते आहे. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचं खातं), विमा, हॉस्टेलची खोली, सगळं मार्गी लागलंय. प्रश्न वेगळाच आहे. तिथे तिचं मन लागेनासं झालं, घरची सारखी आठवण यायला लागली, तर करायचं काय? "होईल हळूहळू सवय" हे उत्तर घरात सगळ्यांनी देऊन झालंय. त्यापलीकडचं काही असेल तर कळवा. बॅगेत काय द्यावं आणि काय देऊ नये, तेही.

---

प्रेषक: स. दे., श्टुटगार्ट

काका, पहिल्या पंधरवड्याची चिंता सोडा. पत्त्याची नोंदणी, बँक, सिम कार्ड, विद्यापीठाचे कागद यांत रडायलाही फुरसत नसते. जड जातो तो नोव्हेंबर. तोवर नवलाई ओसरलेली असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि पुण्याशी असलेला साडेतीन तासांचा फरक साडेचारचा होतो. दिवाळी येते ती बहुधा कामाच्या दिवशी, सुट्टीविना. डिसेंबरात तर सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेचारला मावळतो. पुण्यात थंडीतही सहापर्यंत उजेड बघितलेल्या माणसाला हे अंगावर येतं. तिला वाटेल आपण घरासाठी झुरतोय. त्यात निम्मा वाटा अंधाराचा असतो, हे तिला आधीच सांगून ठेवा.

उपाय कंटाळवाणा आहे: सकाळी अर्धा तास बाहेर चालणं, ढग असले तरी. ढगाळ आभाळाचा उजेडही खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. ते जमलं नाही तर 10,000 लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा मिळतो. उठल्या उठल्या अर्धा तास, थोडा बाजूला ठेवून, त्याच्याकडे टक लावून न बघता. लोक तो संध्याकाळी उदास वाटलं की लावतात आणि मग रात्री दोनपर्यंत टक्क जागे राहतात. तो सकाळीच लावायचा. डोळ्यांचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

दुसरा शत्रू रविवार. दुकानं बंद, रस्ते ओस, हॉस्टेलचे जर्मन विद्यार्थी आपापल्या गावी. तेव्हा रविवार शनिवारीच ठरवून टाकायचा: भाजी आणून ठेवलेली, कुणाला तरी जेवायला बोलावलेलं. विद्यापीठाचे खेळांचे वर्ग स्वस्त असतात, पण चांगल्यांची नोंदणी सत्र सुरू होताना उघडते आणि बघता बघता भरते. तारीख आत्ताच वेबसाइटवर बघून ठेवायला सांगा. आठवड्याला एक ठरलेली वेळ, तीच ती माणसं, हे महत्त्वाचं. खेळ कुठला, याला काही अर्थ नाही.

आणि डिसेंबरचं परतीचं तिकीट आत्ताच काढून देऊ नका. प्रेमापोटी बरेच पालक काढतात. मग मुलं दिवस मोजत बसतात आणि इथे रुजतच नाहीत. शिवाय परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, म्हणजे परत येऊन अभ्यासाचा डोंगर. परीक्षा संपल्यावर यावं.

---

प्रेषक: अ. रा., औंध (समुपदेशक)

स. दे. यांच्याशी सहमत, फक्त फोनबद्दल भर घालते, कारण घोळ सगळ्यात जास्त तिथे होतो.

हिवाळ्यात ती संध्याकाळी सातला मोकळी होईल तेव्हा कोथरूडात साडेअकरा वाजलेले असतील. तुम्ही जागे राहाल, ती तुम्हाला जागवल्याचं ओझं घेईल, आणि फोन ठेवून रिकाम्या खोलीत झोपायला जाईल. झोपण्यापूर्वीचा फोन सगळ्यात वाईट. त्याऐवजी तिच्या जेवणाच्या सुट्टीत, एकला, म्हणजे तुमच्या संध्याकाळच्या साडेपाचला, दहा मिनिटं. मोठा फोन रविवारी तिथल्या दुपारी बाराला. आपल्याकडे साडेचार, चहाची वेळ. (अकराला ठेवला तर साडेतीन होतात, आणि पुण्यात साडेतीनला कुणाला उठवणं बरं नव्हे.)

पहिल्या दोन महिन्यांत रोज दोन-दोन तास व्हिडिओ चालू ठेवण्याची टूम निघाली आहे. मला ती पटत नाही. कॉमन किचनमध्ये कानात हेडफोन घालून बसलेल्या मुलीशी कुणी बोलायला जात नाही, आणि ओळखी त्याच दोन महिन्यांत होतात. फोनवर "जेवलीस का, थंडी आहे का" एवढंच बोललं तर दोघांनाही रडू येतं. एकत्र काहीतरी करा. तिथे ती भाजी फोडणीला टाकते, इथे आई निवडते आहे, मधे शब्दकोडं चाललंय. आणि घरातलं आजारपण लपवू नका. मुलांना चुलतभावाकडून कळतं, आणि मग तुमच्या प्रत्येक "सगळं ठीक"वर त्यांचा विश्वास उडतो.

आठवण येणं हा आजार नाही, ती लाटेसारखी येते-जाते. पण सलग दोन आठवडे झोप उडाली, जेवण तुटलं, वर्गाला जाणं थांबलं, खोलीबाहेर पडणंच बंद झालं, तर विद्यापीठाच्या मानसोपचार सल्ला केंद्रात जायचं. भेटीसाठी कधीकधी थांबावं लागतं, म्हणून दारू आणि रडणं वाढेपर्यंत वाट बघू नये. जिवाला धोका वाटला तर युरोपभर 112. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर भारतातल्या फोनसाठी आहे. तो तुम्ही दोघं घरी ठेवा. मुलं गेल्यावर रिकाम्या घराचा त्रास आईवडिलांना होतो, त्याबद्दल कुणी मेल लिहीत नाही.

---

प्रेषक: मा. गो., सदाशिव पेठ

बॅगेचं मी सांगते. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, चक्का बाद. ताजा कढीपत्ता, आंबे, मिरच्या यांना रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तेही बादच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. तेलकट असल्याने आपोआप तापून पेटण्याच्या भीतीने त्या धोकादायक मालात धरतात. किसलेलं सुकं खोबरं तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात बेकिंगच्या फळीवर मिळतं. डाळ-तांदळाने बॅग भरू नका, तुर्की आणि आशियाई दुकानांत सगळं आहे. द्यायचं ते गोडा मसाला, भाजणी, आमसुलं, हिंग आणि मेतकूट. लोणचं हातातल्या बॅगेत घातलं तर द्रव समजून काढून घेतील, 100 मिलीचा नियम त्यालाही लागतो.

मेतकूट आवर्जून, कारण रात्री दहाला मन उदास असताना कुणी आमटी करत बसत नाही. मऊ भात, मेतकूट, तूप, मीठ, संपलं. प्रमाण: हरभरा डाळ 1 वाटी, तांदूळ अर्धी, उडीद डाळ पाव, गहू 2 चमचे, धने 2 चमचे, जिरे 1 चमचा, मोहरी अर्धा, मेथी पाव चमचा. नंतर हळद, हिंग, सुंठ. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, कोरडं भाजायचं. एकत्र भाजलं तर डाळ कच्ची राहते तोवर जिरं करपतं, आणि मेथी जास्त झाली किंवा काळी पडली की सगळा डबा कडू. पूर्ण गार झाल्यावरच दळायचं. कोमट दळलं तर वाफ डब्यात धरते, गुठळ्या होतात, महिन्यात वास येतो. ओला चमचा घालायचा नाही, हे तिला लिहून द्या.

तूप तिथेच कढवायचं. 250 ग्रॅम बिनमिठाच्या लोण्याचं साधारण 200 ग्रॅम तूप होतं. जर्मनीत आंबवलेल्या सायीचं लोणी सर्रास मिळतं, आणि आपलंही लोणी विरजणाचंच, त्यामुळे चव घरच्या तुपाच्या जवळ जाते. जाड बुडाचं पातेलं, मंद आच, वीसेक मिनिटं. आधी फेस, मग तडतड, तडतड थांबली आणि बेरी बदामी झाली की लगेच खाली उतरवायचं. विजेची शेगडी बंद केली तरी तापलेलीच असते. पातेलं तिच्यावरच ठेवलं तर बेरी जळते आणि तूप काळपट होतं.

आणि ओट्सचे पोहे करायला कुणी शिकवलं तर ऐकू नका. लगदा होतो.

---

प्रेषक: नि. भो., दुबई

जर्मनीला जाताना कुणी इथे उतरणार असेल, किंवा पुढेमागे इकडे यायचं असेल, म्हणून लिहितो. खसखस संयुक्त अरब अमिराती, सौदी आणि सिंगापूरमध्ये बेकायदा आहे. दिवाळीच्या डब्यातल्या अनारशांवरची खसखससुद्धा. गोडा मसाला घरचा असेल तर त्यात आहे का विचारून घ्या. आणि इथे व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल सहसा लागत नाहीत, संदेश जातात. मुलीचा कॉल मधल्या थांब्यावर आला नाही म्हणून कोथरूडात घाबरू नका.

---

प्रेषक: वि. कु., कोथरूड

मंडळी, मनापासून आभार. फोनच्या वेळा फ्रिजवर लावल्या. मुलीच्या आईचा एक प्रश्न: मिक्सर आणि कुकर द्यावा का? आणि फोडणीने हॉस्टेलचा अलार्म वाजतो म्हणे?

---

प्रेषक: स. दे., श्टुटगार्ट

कुकर द्या, तीन लिटरचा, बुडाला इंडक्शन चालेल असा. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. जास्तीची रबर रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह द्या, इथे आपल्या कंपन्यांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. मिक्सर व्होल्टेजला चालतो, दोन्हीकडे 230. पण पिन वेगळी, आणि स्वस्त ट्रॅव्हल अ‍ॅडॅप्टरला अर्थिंग नसतं, म्हणून अर्थिंगवाला घ्या. तरी पाच किलो वजन मिक्सरमध्ये घालवण्यापेक्षा इथे छोटा ग्राइंडर घेतलेला बरा. रविवारी आणि रात्री दहानंतर तो चालवू नये, शांततेचे नियम शेजारी फार मनावर घेतात.

अलार्म वाजतो, धूर झाला की. तेल धुरावण्याआधी मोहरी घालायची, वर झाकण, खिडकी आणि एक्झॉस्ट आधी चालू, आणि किचनचं कॉरिडॉरकडचं दार बंद. ते दार धूर जावा म्हणून उघडतात, धूर कॉरिडॉरच्या सेन्सरकडे जातो आणि आख्खं हॉस्टेल खाली उतरतं. सेन्सरला प्लास्टिकची पिशवी बांधायची युक्ती कुणीतरी सांगेलच. ती करू नये, आगीची व्यवस्था बंद पाडणं हा गुन्हा ठरू शकतो आणि खोलीही जाते.

तिला आमच्या मंडळाच्या यादीत घालायला ईमेल कळवा. इथे गणपती आणि दिवाळी तिथीला नसते, जवळच्या शनिवारी असते. स्वयंपाकाला हात कमी पडतात, तिला पाहुणी म्हणून बोलावण्याऐवजी कांदे चिरायला बोलावू.