मदत हवी आहे: जिगसॉचा 'ऑटो' स्पीड पातळ प्लायवर नीट चढत नाही

नमस्कार मंडळी,

मी पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. तिसरीच्या मुलांना जिल्ह्याचा नकाशा हाताळून शिकता यावा म्हणून ६ मिलिमीटर प्लायमध्ये साताऱ्याचे ११ तालुके सुटे कापतोय. मुलांनी जावळी उचलून महाबळेश्वर आणि पाटणच्या मध्ये बसवावी, फलटणच्या खाली माण लावावा, असा बेत आहे. आमच्या पाटणचा तुकडा कोयनेच्या रेघेवर कापून दोन भागांत करणार आहे. नदी उत्तरेकडून येते आणि हेळवाकला पूर्वेकडे वळते, ते मुलांच्या बोटांना कळलं पाहिजे.

यासाठी कराडातून ७१० वॉटची जिगसॉ, म्हणजे वळणं कापणारी विजेची करवत घेतली. पाटीवर मिनिटाला ५०० ते ३१०० स्ट्रोक (पात्याच्या वर-खाली फेऱ्या) लिहिलेत. डायलवर १ ते ६ आकडे आणि शेवटी 'ए', म्हणजे ऑटो. 'ए'वर ठेवलं की मशीन आधी हळू चालतं. पातं लाकडात शिरलं की वेग आपोआप वाढतो, असं पुस्तिकेत म्हटलंय. सागाच्या इंचभर जाड तुकड्यावर तसा तो वाढतोही. प्लायवर मात्र भरवसा नाही. सरळ रेघेवर चढतो, वळणावर मी हात हळू केला की पडतो आणि परत एकदम उसळतो. हेळवाकच्या वळणावर असाच उसळला, पातं रेघ सोडून बाहेर गेलं आणि अख्खा पाटण वाया गेला. फार वाईट वाटलं, कारण त्याच्या आधीचे चार तालुके स्वच्छ निघाले होते.

दुकानदार म्हणतो, "मशीन असंच असतं, सर." मला पटत नाही. हा वेग मशीनला कळतो कसा? पात्याजवळ काही सेन्सर असतो का? पुस्तिकेत 'कॉन्स्टंट स्पीड' हाही शब्द आहे, तो आणि 'ए' एकच का? आणि संध्याकाळी ६ आकड्यावरसुद्धा मशीन दमतं, ते कशामुळे? कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) गेले असतील का? मशीन दोनच महिन्यांचं आहे.

प्रतिसाद – रंधा

सर, मी तासगावकडचा, फर्निचरचं काम करतो. कार्बन दोन महिन्यांत जात नाहीत. गेलेच तर आत मोठ्या ठिणग्या दिसतात, वास येतो, मशीन अडखळत सुरू होतं. तसं नसेल तर तो विषय सोडा.

प्लायच्या वळणाला 'ए' वापरू नका, आकडा लावा. ३ किंवा ४. पेंडुलमचा खटका शून्यावर आणा, तो चालू असला तर पातं पुढे-मागे झुलतं आणि प्लायची साल निघते. पातं कुठलं आहे? रुंद पातं हेळवाकला वळणार नाही. 'टी १०१ एओ' मागा, अरुंद असतं, वळणासाठीच आहे. पातं बदलताना प्लग काढा, नुसता बोर्डाचा खटका बंद करून भागवू नका.

प्रतिसाद – तारजोडणी

गुरुजी, पात्याजवळ सेन्सर नसतो. मशीनला लाकूड कळत नाही, फक्त मोटरवरचा ताण कळतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आत युनिव्हर्सल मोटर असते, मिक्सरमध्ये असते त्याच जातीची. ती फिरताना स्वतःच एक उलटा दाब तयार करते आणि येणारा करंट अडवून धरते. पातं लाकडात अडलं की फेरे कमी होतात, उलटा दाब घटतो आणि करंट वाढतो. 'ए'मध्ये सर्किट या वाढलेल्या करंटवर नजर ठेवून असतं. ठरलेली रेषा ओलांडली की "काम सुरू झालं" असं धरून ते वेग चढवतं. करंट उतरला की परत हळू करतं. ६ मिलिमीटर प्लाय, धारदार पातं आणि वळणावर हलका केलेला हात, म्हणजे मोटरला ताण जवळपास नाहीच. करंट त्या रेषेच्या आसपास घुटमळतो. म्हणून वेग चढ-उतार करतोय. मशीन बिघडलेलं नाही.

वेग चढवतात तो ट्रायॅक नावाच्या इलेक्ट्रॉनिक खटक्याने, घरातल्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरसारखा. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे सेकंदाला १०० अर्धलाटा, प्रत्येक १० मिलिसेकंदांची. ट्रायॅक प्रत्येक अर्धलाटेत थोडा थांबून मग वीज सोडतो. जास्त थांबला तर मोटर हळू, लवकर सोडली तर जोरात.

कॉन्स्टंट स्पीड वेगळा. त्यात बहुतेक वेळा मोटरच्या दांड्यावर छोटं गोल चुंबक आणि शेजारी कॉइल असते. त्यावरून खरे फेरे मोजले जातात. तुम्ही ४ लावलेत आणि लाकडाने फेरे कमी केले, तर सर्किट ट्रायॅकला लवकर सोडायला लावतं आणि फेरे परत जागेवर आणतं. काही मशीनमध्ये फेरे न मोजता करंटवरूनच अंदाज घेतात. थोडक्यात, 'कॉन्स्टंट' ठरवलेला वेग पडू देत नाही आणि 'ए' काम नसताना वेग मुद्दाम खाली ठेवतो. त्याने मशीन कमी थरथरतं आणि पातं रेघेवर टेकवायला सोपं जातं. फर्निचरमधल्या लांब सरळ कापांना ते फार चांगलं आहे.

आता संध्याकाळचं. राखून ठेवलेली वीज असेल तरच सर्किट ती वाढवून देऊ शकतं. ६ आकड्यावर जवळपास पूर्ण अर्धलाट आधीच दिलेली असते. त्यात व्होल्टेज कमी असेल तर वाढवायला काही शिल्लक राहत नाही. मल्टिमीटर असेल तर सकाळ-संध्याकाळ मोजून सांगा. आणि मशीन उघडून डायलच्या सर्किटला हात लावू नका. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, सगळं थेट २३० व्होल्टवर असतं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आज दिवसभर हेच केलं.

शाळेच्या सॉकेटवर सकाळी २२८ व्होल्ट, संध्याकाळी सातला १८४. त्या वेळी आसपासचे पंप चालू असतात. १८४वर ६ आकडा लावून सागात घातलं तर आवाज लगेच बसला. ३ आकड्यावर तेच लाकूड, तोच हात, आवाज जवळपास तसाच राहिला! तारजोडणी, तुम्ही म्हणालात तसंच झालं. मी ३० मीटरच्या एक्स्टेन्शनलाही दोष देत होतो, ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर आहे. तिने किती फरक पडतो?

प्रतिसाद – तारजोडणी

फार नाही. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, साधारण १.४ ओहम. तुमचं मशीन पूर्ण ताणावर ३ अँपिअरच्या आसपास घेणार, म्हणजे चार-साडेचार व्होल्ट. पिन सैल असेल तर गोष्ट वेगळी, प्लग गरम लागतो का बघा. वायर गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण उलगडा. तुमचे ४४ व्होल्ट लाईनवरच जातायत, तेव्हा जाड लाकूड सकाळीच कापा.

अजून एक. मोटर थंड करणारा पंखा त्याच दांड्यावर असतो, त्यामुळे कमी आकड्यावर वारा कमी. अर्धा तास ३ वर काम झालं की लाकडाबाहेर ६ वर मिनिट-दोन मिनिटं चालवा. 'ए'वर नको, रिकामं चालताना तो हळूच ठेवेल.

प्रतिसाद – रंधा

सर, दोन प्लाय एकावर एक ठेवून कापा. जाडी १२ होते, पातं थरथरत नाही, खालच्या प्लायची वरची बाजू दाबलेली राहिल्याने तिचे तुकडे उडत नाहीत. दुहेरी चिकट टेप प्रत्येक तालुक्यात लावा, नुसती कडेला नको. नाहीतर तालुका सुटा झाला की वरचा-खालचा सरकतो. वरच्या प्लायवर रेघेवरून कागदी टेप मारा, जिगसॉचे दात वर ओढतात, साल वरच्याच बाजूला निघते. गॉगल घाला.

धागाकर्ता

पाटण झाला! दोन प्लाय, 'टी १०१ एओ', पेंडुलम शून्य, डायल ३, सकाळी नऊची वीज. हेळवाकला थांबलो नाही, मशीनही उसळलं नाही. दोन प्लाय असताना 'ए'वरही एका टाकाऊ तुकड्यावर करून पाहिलं. सरळ काप छान आला, वळणावर वेग अजून जरासा हलतो, म्हणून आकड्यावरच राहतो.

दुसरा संच शेजारच्या वाडीतल्या शाळेला देतोय. आता एकच विचारायचंय. मुलं तुकडे तोंडात घालतात, कडांना कुठला रंग द्यावा? कोयनेची कड निळी हवी आहे.