मदत हवी आहे: हेरिटेज परिसरातल्या घराच्या छपराचं काम नोटिशीमुळे अर्ध्यावर थांबलंय

शेवंती

नमस्कार मंडळी,

गिरगावात खोताच्या वाडीत आमचं घर आहे. तळमजला अधिक माडी, लाकडी सांगाडा, वर मंगळुरी कौलं. आजोबांनी विकत घेतलेलं. सध्या तिथे फक्त आत्या राहते, वय ७८. बाकी आम्ही डोंबिवली, ठाणे, पुणे असे पांगलोय. घर स्वतःचं आहे, पागडीचं नाही, भाडेकरू कोणी नाही. आधीच सांगून टाकते, कारण गिरगाव म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो.

गेल्या पावसाळ्यात माडीवरची मागची खोली इतकी गळली की आत्याने पलंग जिन्याजवळ ओढून घेतला. दिवाळीनंतर वर चढून पाहिलं तर रीपांना वाळवी लागलेली, भिंतीकडचे काही वासे कुजलेले. आढं मात्र खणखणीत आहे, जुनं सागवान. ठेकेदार म्हणाला कौलांच्या नादी लागू नका, दर वर्षी शाकारायला माणसं कुठून आणणार? लोखंडी अँगल टाकू आणि वर रंगीत पत्रा. पत्र्यावर कौलाची नक्षी असते, रस्त्यावरून कोणाला कळतसुद्धा नाही. जोडीला सज्जाचा लाकडी कठडा काढून स्टीलचा, आणि खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा. चुलतभावाने होकार दिला. घर आपलं, जागा वाढवत नाही, मजला चढवत नाही, दुरुस्तीला कसली परवानगी, असा त्याचा हिशोब.

मागच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या मागच्या उतारावर, पत्रा चढला. पुढच्या पाख्याची कौलं उतरवली आणि कोणीतरी तक्रार केली. वॉर्डातून इंजिनीअर आले, फोटो काढून गेले आणि पाठोपाठ महापालिका कायद्याच्या कलम ३५४-अ ची नोटीस आली. काम थांबवा, परवानगी असल्यास दाखवा. इंजिनीअर बोलायला चांगले होते. वाडी हेरिटेजमध्ये आहे, वास्तुविशारदामार्फत अर्ज करा, एवढं सांगून गेले.

आजची स्थिती अशी: पुढच्या पाख्यावर निळी ताडपत्री, कौलं अंगणात रचलेली. रचताना दिसलं की काहींच्या पाठीवर बासेल मिशनचा शिक्का आहे. ती बघून आत्या म्हणाली, हीच परत चढवा. भाऊ म्हणतो पत्र्याच्या अडीचपट खर्च येईल, तो महापालिका देणार आहे का? दोघांचं बोलणं बंद आहे, मी मध्ये.

मला समजून घ्यायचंय की निर्णय नक्की घेतं कोण? वॉर्ड, हेरिटेज समिती की आयुक्त? मागचा पत्रा काढावाच लागेल का? माझं स्वतःचं मत कौलांकडे झुकतं, पण ते फुकटचं मत आहे, पैसे भाऊ घालतोय. आणि एप्रिल निम्मा सरलाय. परवानगीची वाट बघत जून उजाडला तर आत्याला कुठे हलवायचं?

कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

ठाकूरद्वारी

तक्रार कोणी केली ते शोधत बसू नका, वाडीत तोंडं रोज दिसायची असतात. ठेकेदाराला मात्र उरलेले पैसे देऊ नका. नक्षीचा पत्रा लांबून कळत नाही म्हणे! वाडीच्या गल्लीत लांबून बघायला जागा आहे कुठे? दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पायरीवर चढावं लागतं.

पार्कातला

मी तुमच्या भावाच्या बाजूने. २०१२ साली हेरिटेजची वाढीव यादी आली तेव्हा शिवाजी पार्कचा परिसर त्यात होता. आमच्याकडे हरकतींचा पाऊस पडला. माणसं हेरिटेजच्या विरोधात नव्हती, घाबरली होती. पेन्शनवर जगणाऱ्याने गिलावा करायचा तर फोर्टात खेटे घालायचे? शहराला सुंदर गल्ली हवी, बिल मात्र गल्लीतल्या म्हाताऱ्या बाईने भरायचं. तुमच्या आत्यांच्या घरासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांपैकी किती जण एक वासा देतील?

चुनखडी

शेवंती, मी वास्तुविशारद आहे, जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते. जरा लांब लिहिते.

आधी निर्णयाचं. परवानगी देतात महापालिका आयुक्त. मुंबई वारसा संवर्धन समिती सल्लागार आहे. ती प्रस्ताव बघते, शिफारस करते, अटी घालते. आयुक्तांना ती शिफारस बाजूला सारता येते, पण अपवाद म्हणून आणि कारणं लेखी नोंदवून, त्यामुळे व्यवहारात समितीचा शब्द चालतो. वॉर्डाचं काम नियमाबाहेर काही होत नाही ना हे बघणं. इंजिनीअरला मनात आलं तरी तो तुम्हाला पत्रा 'चालवून' देऊ शकत नाही. तसं सांगणारा मध्यस्थ भेटला तर दारातूनच परत पाठवा.

'दुरुस्तीला कसली परवानगी' हे इतर इमारतींत काही प्रमाणात खरं आहे. किरकोळ दुरुस्तीला तिथे मोकळीक असते. पण हेरिटेजची नियमावली १९९५ ला आली तेव्हाच तिने यादीतल्या वास्तू आणि यादीतले परिसर दोन्ही धरले, आणि दुरुस्ती, गिलावा, अगदी रंगकामसुद्धा आयुक्तांच्या लेखी परवानगीखाली आणलं. जुन्या विकास नियंत्रण नियमावलीत हे कलम ६७ होतं, २०३४ सालापर्यंतच्या आराखड्यासाठी आलेल्या नव्या नियमावलीत ५२ आहे. नव्यात परिसरातलं कुठलं काम समितीपर्यंत जातं आणि कुठलं आयुक्तांच्या पातळीवर निघतं याच्या पायऱ्या बदलल्यात, म्हणून कोणी जुनी झेरॉक्स हातात दिली तर त्यावर विसंबू नका.

पुढची गोष्ट फार लोक चुकवतात. तुमचं घर यादीत स्वतंत्रपणे, श्रेणीसकट आहे, की केवळ परिसराचा भाग म्हणून येतं? फरक मोठा आहे. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला मजबुतीसाठी अटळ असेल तेवढाच हात लावता येतो. दुसऱ्या श्रेणीच्या अ गटात आतले बदल चालतात, बाहेरच्यांची छाननी होते. ब गटात त्याच आवारात वाढीव बांधकामाचाही विचार होऊ शकतो. तिसऱ्या श्रेणीत आणि परिसरांत आत-बाहेर दोन्हीकडे बदल करता येतात, अट एकच की मूळ वास्तूशी आणि गल्लीशी ते जुळले पाहिजेत. म्हणजे तुमचं घर काही गोठवून ठेवलेलं नाही. मोरी आधुनिक करा, वायरिंग बदला, कुजक्या वाशांच्या जागी नवे घाला. भांडण होणार ते पाखं, कठडा, झडपा आणि वळचणीची नक्षीदार झालर यांवर, कारण वाडी म्हणून जे दिसतं ते यातूनच दिसतं.

आता पत्रा. दिसण्याचा मुद्दा सोडा, घराच्या प्रकृतीसाठीसुद्धा तो वाईट आहे. कौलांच्या फटींतून माडी श्वास घेते. पत्रा टाकलात की मेमध्ये वर भट्टी आणि पावसाळ्यात पत्र्याच्या पोटाला दव धरून तेच पाणी लाकडावर. कौलाखाली जलरोधक पापुद्रा किंवा फळ्या घालून गळती थांबवता येते. बाहेरून कौलारू, आतून कोरडं, आणि समितीला याचं वावडं असायचं कारण नाही. खर्चाचीही फोड करून बघा. अडीचपट आकडा सगळी कौलं नवी धरून आला असणार. तुमच्याकडे बरीच जुनी शाबूत आहेत. कौल बोटाच्या पेराने वाजवा: टणक वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर बाजूला. कमी पडतील ती पाडलेल्या घरांची जुनी मिळतात. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये कारखाना काढला, पुढे त्याच घाटाची कौलं अनेकांनी बनवली, तेव्हा मापं बरीचशी जुळतात. तरी नेताना नमुना घेऊन जा, खाच बसली नाही तर सगळं पाखं वाकडं जातं.

मागच्या पत्र्याचं स्पष्ट सांगते, तो राहील असं धरून चालू नका. पण नोटिशीला उत्तर द्याल त्यात 'आम्ही निर्दोष' असा सूर लावण्यापेक्षा काम थांबवल्याचं, वास्तुविशारद नेमल्याचं आणि प्रस्ताव दाखल करत असल्याचं लिहा, पोच घ्या. उत्तर मुदतीतच गेलं पाहिजे. प्रस्तावात सगळ्या बाजूंचे फोटो, गल्लीतून दिसणारं दृश्य, मोजमापाचे नकाशे, मालकीचे कागद, जुने कौटुंबिक फोटो असतील तर तेही. लग्नातल्या फोटोंमागे कठडा हमखास दिसतो!

पार्कातला

एवढं लिहिलंत, पण पैसे कोण देणार हे राहिलंच.

चुनखडी

राहिलं नाही, उत्तर अवघड आहे म्हणून टाळलं. हेरिटेजमुळे बांधकामाचा हक्क बुडाला तर त्याबदल्यात टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची किंवा विकण्याची, तरतूद आहे. एकमजली घराचं छप्पर दुरुस्त करणाऱ्याला तिचा काय उपयोग? नियमावली मालकाला काय करू नको ते तपशिलात सांगते, कसं परवडवायचं यावर तिचा हात आखडतो. तिथे मी तुमच्याशी सहमत आहे. फक्त त्याचा राग कौलांवर काढू नका.

चार्ल्सकाठी

बॉस्टनजवळ राहतो. आमचं जुनं लाकडी घर 'लोकल हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट'मध्ये येतं. इथला प्रकार सांगतो, तुलनेपुरता. मॅसॅच्युसेट्समध्ये १९६० चा कायदा आहे, प्रकरण ४०-सी. गावाने मतदान करून परिसर ठरवायचा आणि गावातल्याच लोकांचा आयोग नेमायचा. तो फक्त सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या बाह्य भागाबद्दल बोलतो. आत काय करता याच्याशी त्याला देणंघेणं नाही, होतं तसं ठेवणाऱ्या नेहमीच्या दुरुस्तीलाही तो अडवत नाही. सुनावणीची सूचना किमान १४ दिवस आधी लागते, शेजाऱ्यांना पत्रं जातात, आणि अर्ज आल्यापासून ६० दिवसांत आयोगाने निकाल द्यायचा असतो. ती मुदत फार मोलाची आहे, कारण 'फाइल टेबलावर आहे' हे उत्तर चालत नाही.

बाकी माणसं इथेही तीच. समोरच्या आजी माझ्या खिडकीच्या चौकटीवर सुनावणीत असं बोलल्या की त्यांच्या अंगणात मी उकिरडा टाकलाय. मी जुन्या खिडकीचा एक तुकडा आणि सुताराने केलेला नवा नमुना टेबलावर ठेवला, आजींनी तो हातात घेऊन उलटापालटा केला, आणि काम झालं. शेवंती, तुम्हीही नकाशांबरोबर एक कौल आणि कठड्याचा एक गज घेऊन जा.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. चुनखडीताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून भावाला दिला. 'माडी श्वास घेते' याला तो हसला, पण मेमधल्या भट्टीचं पटलं, कारण डोंबिवलीला त्याच्या गच्चीवर पत्र्याचीच शेड आहे. खर्चाची फोड करायला तयार झालाय. कठड्याबाबत अजून अडून आहे.

यादी पाहिली. घराचं स्वतंत्र नाव सापडलं नाही, म्हणजे आम्ही परिसरात येतो असं दिसतंय. नोटिशीचं उत्तर उद्या देतोय. फोटोही मिळाला, आत्याच्याच मुंजीतला... म्हणजे माझ्या काकांच्या मुंजीतला, आत्या परकर-पोलक्यात कठड्याला टेकून उभी. झालर स्पष्ट दिसते, आणि आजच्यापेक्षा वेगळी आहे! मग समितीपुढे कुठली झालर खरी धरायची?

आणि पावसाळ्याचं काय करू? ताडपत्री वाऱ्याने आत्ताच फडफडतेय.

चुनखडी

आज आहे ती झालर दाखवा, जुना फोटो जोडा, आणि दोन्हींतली कुठली ठेवावी हे समितीलाच विचारा. अशा प्रश्नाने चर्चा सुरू झाली की निम्मा ताण जातो.

पावसाळ्यासाठी वॉर्डात तात्पुरत्या पावसाळी शेडचा वेगळा अर्ज करा, या दिवसांत त्या परवानग्या दिल्या जातात. बांबूचा सांगाडा, त्यावर जाड ताडपत्री, पन्हळीपर्यंत उतार, आणि भिंतीत एकही खिळा नाही. अर्जात नोटिशीचा क्रमांक लिहा, नाहीतर नवीन काम सुरू केलं म्हणून पुन्हा कोणीतरी फोटो काढेल. उघडे वासे झाकण्याआधी वाळवीचा उपचार उरकून घ्या, ओल धरल्यावर औषध लाकडात शिरत नाही.

ठाकूरद्वारी

कौलांची कामं करणारे एक वयस्कर मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत, मूळचे राजापूरकडचे. मेच्या शेवटी ते गावी जातात ते गणपतीनंतरच उगवतात, तेव्हा बोलणी याच आठवड्यात करा. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. कठडा काढू नका म्हणावं भावाला, तो मिस्त्रीच त्याला दोन शब्द ऐकवेल.

शेवंती

व्यनि मिळाला. शनिवारी सकाळी येतो म्हणालेत, शिडी आमची लागेल.